अशील प्रतिसाद देत नाही

ट्रेस फोर्क, ४ मार्च

क्लेटन,

वर आधी 'लाडक्या' लिहिलं होतं, सवयीनं. खोडलंय ते तुला दिसेलच. नवा कागद मुद्दाम घेतला नाही.

तू पाठवलेली फुलं पोचली. पांढरीशुभ्र, महागडी, रिबिनीवर तुझ्या ऑफिसचं नाव. मी ती तुझ्या होबर्टकाकाच्या शवपेटीजवळ ठेवू दिली नाहीत. पाद्री म्हणाले, फुलांचा काय दोष? मी म्हटलं, दोष नाही, पण मानही नाही. शेवटी शेजारच्या वेल्माच्या शेळ्यांनी खाल्ली, रिबिनीसकट.

क्लेटन कुठे दिसत नाही, असं प्रत्येक जण विचारत होता. मी म्हणत राहिले, त्याला कोर्टातून सुटी मिळाली नाही. वाढवलेल्या पोराची लाज झाकायची ती शेवटची वेळ.

आता मुद्द्याचं. नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आधी होबर्टचा श्वास अडकला आणि त्याला लेक्सिंग्टनच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. घशात नळी घातली. मी त्याच्या उशाशी खुर्चीत झोपत होते आणि इकडे घराला कुलूप होतं. जानेवारीत त्याला घरी आणलं तेव्हा पोस्टातल्या बाईनं साठवून ठेवलेलं टपाल दिलं. त्यात तुझ्या ऑफिसची दोन पत्रं होती, होबर्टच्या नावानं. पहिल्यात होतं, ताबडतोब संपर्क साधा. दुसऱ्यात होतं, ही शेवटची सूचना. तिसरा कागद कोर्टाचा. अशील वारंवार प्रयत्न करूनही प्रतिसाद देत नाही, सबब वकिलांना वकीलपत्र मागे घेण्याची परवानगी देण्यात येत आहे. अशिलानं मुदतीत दुसरा वकील करावा, नाहीतर त्याचा दावा निकाली निघेल.

मुदत संपली तेव्हा नळी घशातच होती. आणि दवाखाना तुझ्या ऑफिसपासून इतका जवळ, की जेवणाच्या सुटीत पायी येऊन परत गेला असतास.

ओपल तुला आमच्या ओसरीवर सोडून गेली तेव्हा तू सहा वर्षांचा होतास. माझी सख्खी बहीण ती, मागे वळूनही पाहिलं नाही तिनं. पहिल्याच आठवड्यात मी तुझ्याकडून आमचा फोन नंबर पाठ करून घेतला होता, खोऱ्यात कुठे चुकलास तर असावा म्हणून. नंबर अजून तोच आहे. वारंवार प्रयत्न म्हणजे नेमके कोणते, ते मला सांग.

तुझं हे खाणकामगारांना मास्क विकणाऱ्या कंपनीविरुद्धचं प्रकरण उभं राहिलं ते कोणाच्या जिवावर? चर्चच्या तळघरात घेवडा आणि मक्याच्या पावाचं जेवण मांडलं होतं, तू सूट घालून आलास, आणि कोणी पेनाला हात लावेना. शहरातल्या वकिलांनी या लोकांना आधीही फसवलंय. मग होबर्ट खोकत उठला आणि म्हणाला, पोरगा माझ्या घरात वाढलाय, सही करा. तेव्हा रांग लागली.

त्यानं कोर्टाचा कागद दोनदा वाचला. म्हणाला, "पोरगं कामात असेल." मग घडी घालून बायबलात ठेवला आणि पुन्हा त्याचं नाव काढलं नाही. पुढच्याच महिन्यात गेला. तुझ्या कागदानं मेला असं मी म्हणणार नाही. तो खाणीतल्या धुळीनं मेला, आणि धूळ थांबवतो म्हणून विकलेल्या त्या मास्कनं. पण मरताना त्याच्या बाजूनं कोणी उभं नव्हतं, ते तुझं काम.

व्हेस्टा फ्यूगेट


ट्रेस फोर्क, २९ एप्रिल

क्लेटन,

तुझं पत्र मिळालं. छान टाइप केलंय. "मावशी, ही यंत्रणेतली चूक आहे. शेकडो अशील आहेत, अशी पत्रं आपोआप निघतात, सह्या करताना प्रत्येक नाव वाचलं जात नाही." यंत्रणेतली चूक. शाळेची बस मी सव्वीस वर्षं चालवली. एखादं पोर थांब्यावर राहिलं असतं आणि मी त्याच्या आईला म्हटलं असतं, बाई, ही यंत्रणेतली चूक आहे, तर तिनं माझं काय केलं असतं?

तुझं वाचून मी गप्प बसले असते. पण मंगळवारी काउंटीच्या कोर्टात गेले. तिथं खिडकीत जेनेल बसते. माझ्या बसमध्ये मागच्या बाकावर बसून च्युइंगम चिकटवायची ती. तिनं फाइल काढून दिली. तुझं शपथपत्र पाहिलं. छापील सही नाही, शाईची आहे. आणि होबर्टचं नाव कुठल्या यादीत दडलेलं नाही. एका माणसासाठी एक पान आहे, वर मोठ्या अक्षरात होबर्ट ली फ्यूगेट. खाली लिहिलंय की पत्रानं, फोननं आणि नातेवाइकांकडे चौकशी करूनही अशिलाचा ठावठिकाणा लागला नाही.

नातेवाईक म्हणजे मी. दुसरं कोण आहे त्याला? तू आहेस. तू स्वतःकडेच चौकशी केलीस का?

जेनेल म्हणाली, "मावशी, मास्क कंपनीनं तडजोड देऊ केलीय. पण त्यांची अट आहे, जवळजवळ सगळ्यांनी कबूल व्हायला हवं. चार जण जरी अडून बसले तरी सौदा मोडला."

मी तिथंच बाकावर बसले. कारण मला ते जेवण आठवलं. सगळ्यांच्या सह्या झाल्यावर होबर्ट म्हणाला होता, मला तडजोड नको, मला त्या कंपनीचा माणूस कोर्टात उभा हवा, तोंडावर तोच मास्क लावून. लोक हसले. तूही हसलास, पण मान खाली घालून. तेव्हा मला वाटलं होतं, काकाचं बोलणं ऐकून पोराला भरून आलंय.

तुला भरून आलं नव्हतं. हा म्हातारा सही करणार नाही, आडवा येईल, हे तू तेव्हाच ओळखलंस. मग तो आजारी पडला आणि तुझी वाट मोकळी झाली. न सापडणारा माणूस सौद्यात मोजावा लागत नाही. तुझ्यासारखं नीट वाचायला मला कोणी शिकवलं नाही, पण बेरीज येते.

तडजोडीचे कागद परवापासून घरोघर येऊ लागले आहेत. ऑगस्टच्या आत सह्या करून पाठवायच्या, असं त्यात आहे. ट्रेस फोर्कवरचं एकही घर असं नाही की ज्याच्या दारात मी बस थांबवली नाही. कोणाचा कुत्रा चावतो आणि कोणाचा नुसता भुंकतो, ते मला माहीत आहे. मी उद्यापासून निघते.

तुझा सगळा राग प्रतिसाद न देणाऱ्या माणसांवर आहे ना? आता तुला अशी माणसं देते, पोटभर.

व्हेस्टा फ्यूगेट


ट्रेस फोर्क, २० जून

क्लेटन,

कसा आहेस? झोप लागते का?

तुझ्या ऑफिसची मुलगी आली होती, ती पातळ चपलांची. बिचारीला आम्ही काही त्रास दिला नाही. वेल्मानं तिला रुबार्ब भरलेली गोड पेस्ट्री खाऊ घातली. शेजारच्या घरी पावासारखी गरम बिस्किटं आणि ग्रेव्ही. त्याच्या पुढच्या घरी पुन्हा पेस्ट्री. प्रत्येक घरात तिनं कागद पुढे केला आणि प्रत्येक घरात तिला आणखी थोडं वाढलं. कोणी नाही म्हटलं नाही, कोणी हो म्हटलं नाही. संध्याकाळी गाडीत बसताना तिला पोट धरून बसावं लागलं.

तुझ्या ऑफिसचा फोन वाजायला लागला की म्हातारे लोक आता ओसरीवर येऊन बसतात आणि ऐकतात. किती वेळ वाजतो यावर पैजा लागतात. मी कोणाला धमकावलेलं नाही. दारात उभी राहून फक्त होबर्टचं काय झालं ते सांगितलं, आणि विचारलं, तुम्ही दवाखान्यात असलात तर तुमचंही असंच करेल की नाही? लोकांनी कागद ड्रॉवरमध्ये टाकले.

तू रविवारी फोन केलास तेव्हा तुझा आवाज मी बराच वेळ ओळखला नाही. तू म्हणालास, "मावशी, तू काय करतेयस हे तुला कळतंय का? सौदा मोडला तर माझी फर्म बुडेल. आम्ही कर्ज काढून हे प्रकरण लढवलंय."

मी म्हटलं, "मी काही करत नाही. इथं कोणीच काही करत नाही."

मग तू म्हणालास की लोकांचं नुकसान होईल. तेव्हा मी फोन ठेवला. लोकांची काळजी तुला त्यांची गरज पडल्यावर लागली.

तुला सांगू, होबर्ट गेल्यापासून मला पहिल्यांदा भूक लागायला लागलीय. सकाळी उठते, बीन्सचे वेल बांधते, टोपी घालते आणि एका खोऱ्यात जाऊन येते. आज तुझ्या एका पार्टनरची चिठ्ठी आली, अत्यंत आदराची. ती मी फ्रीजवर लावली आहे, चुंबकाखाली. पाणी प्यायला गेले की वाचते.

वकीलपत्र मागे घ्यायचं असेल तर घे. सगळ्यांचंच घे. कोर्टात जाऊन सांग की अख्खं खोरं सापडत नाही.

व्हेस्टा फ्यूगेट


ट्रेस फोर्क, ११ जुलै

क्लेटन,

हे पत्र मला लिहायचं नव्हतं. मी जिंकत होते.

लॉनी काउडिल तुला आठवत असेल, तुझ्याहून तीन इयत्ता पुढे होता, बसमध्ये हार्मोनिका वाजवायचा. होबर्टच्या हाताखाली खाणीत लागला आणि आता पन्नाशीही गाठली नाही तोवर फुप्फुसं दगड झालीत. त्याची बायको टॅम्सी काल आली. मी शेंगा सोलत होते. ती बसली नाही. मी घमेलं पुढे सरकवलं तर त्यातल्या शेंगा घेऊन उभ्यानंच सोलायला लागली.

तिनं सांगितलं ते असं. लॉनीला नवी फुप्फुसं बसवता येतील असं डॉक्टर म्हणतात. पण यादीत नाव घालायच्या आधी दवाखान्याला खात्री हवी की नंतर वर्षभर तो जवळपास राहू शकेल, औषधं घेऊ शकेल. तडजोड झाली तर ते जमतं. नाही झाली तर नाही. आणि हिवाळ्यापर्यंत तो थांबेल असं तिला वाटत नाही. त्याचा कागद मे महिन्यापासून ड्रॉवरमध्ये आहे. ती रोज म्हणते सही कर. तो म्हणतो, व्हेस्टाकाकूनं सांगितल्याशिवाय नाही, होबर्टनं मला खाणीचं छत कोसळताना ओढून बाहेर काढलंय.

मी म्हटलं, मी कोणाचा हात धरलेला नाही.

टॅम्सी म्हणाली, "काकू, तुमचा माणूस गेला. माझा अजून आहे."

शेंगा संपेपर्यंत ती थांबली आणि मग गेली. आवाज चढवला नाही, रडली नाही. रडली असती तर मी तिची समजूत काढून मोकळी झाले असते.

तेव्हा ऐक. तुला तुझ्या सह्या मिळतील. मुदतीच्या आत मिळतील, मी स्वतः गोळा करीन. पण फुकट नाही. तुझ्या दयेपोटी मी हे करते असं एक क्षणभरही समजू नकोस. तुझी मान माझ्या हातात आहे आणि ती मी सोडलेली नाही, नुसती दुसऱ्या बाजूनं पिरगाळतेय.

होबर्टसारखी आणखी माणसं तू गाळलीस. जेनेलनं मला त्यांची पानं दाखवली. एक जण मुलीकडे ओहायोत राहतो, एक तुरुंगात आहे, एकाला वाचता येत नाही आणि हे सगळ्या खोऱ्याला माहीत आहे. तू जज्जसमोर उभा राहा आणि शपथेवर सांग की ते शपथपत्र खोटं होतं. त्या सगळ्यांना दाव्यात परत घे. चिठ्ठी पाठवून नाही, सहकाऱ्याला पाठवून नाही. स्वतः, तोंडानं, आम्ही समोर बसलेलो असताना.

याची किंमत तुला माहीत आहे. खोटं शपथपत्र केलेला वकील वकील राहत नाही. मीही चौकशी केलीय, आणि ती किंमतच तर माझी मागणी आहे.

तारीख घे आणि जेनेलला कळव. मला कळवू नकोस.

व्हेस्टा फ्यूगेट


ट्रेस फोर्क, ६ ऑगस्ट

क्लेटन,

चर्चच्या दोन व्हॅन भरून आम्ही आलो होतो. एक मीच चालवत होते. ऑक्सिजनच्या नळकांड्यांसकट सगळ्यांना बाकांवर बसवलं तेव्हा कोर्टाच्या शिपायानं विचारलं, हा दवाखाना आहे का? लॉनी म्हणाला, नाही बाबा, दवाखान्यात खुर्च्या मऊ असतात.

तू आत आलास तेव्हा मला तू ओपलसारखा दिसलास. जाताना तिचे खांदे असेच पडले होते.

माझी तयारी होती की तू शब्द फिरवशील. 'दुर्लक्ष झालं' म्हणशील, 'खेद आहे' म्हणशील. मी पहिल्या बाकावर बसले होते ते एवढ्यासाठीच, की तू फिरवलेस तर उभी राहून ओरडायचं. जज्जबाईंनी विचारलं, हे विधान खोटं होतं हे तुम्हाला सही करताना माहीत होतं का? तू म्हणालास, हो. इतक्या सरळ, की माझी ओरडायची तयारी तशीच राहिली.

मग त्या बाईनं विचारलं, फ्यूगेट कुठे आहेत हे तुम्हाला कसं माहीत होतं? मला वाटलं तू म्हणशील, गावातून ऐकलं.

तू म्हणालास, "त्यांनी फोन केला होता. दवाखान्यातून, नळी घालायच्या आदल्या दिवशी. मी उचलला नाही. निरोप ऐकला."

बाईंनी निरोप विचारला नव्हता. तू आपणहून सांगितलास. "ते म्हणाले, क्लेट, मी इथं जवळच आहे. तुला अडचण होत असेल तर कुठे सही करायची ते सांग, करून टाकतो. नाहीतर नुसताच येऊन जा."

तर तो सही करणार होता. ज्याला तू आडवा येणारा म्हणून गाळलंस, तो तुझ्यासाठी बाजूला सरायला तयार होता. आणि ते त्यानं मला सांगितलं नाही. मी कॉफी आणायला खाली गेले असेन तेवढ्यात त्यानं तो फोन केला. त्या दिवशी त्याला तीन शब्द सलग बोलता येत नव्हते. एवढं वाक्य बोलायला त्याला किती वेळ लागला असेल, हे तुला ऐकू आलंच असेल. पुसायच्या आधी पूर्ण ऐकलास ना तो निरोप?

घरी येऊन 'पोरगं कामात असेल' म्हणाला, तेव्हा त्याला सगळं माहीत होतं.

मी मागितलं ते तू दिलंस. हे मी मागितलं नव्हतं. तू मन मोकळं केलंस, चेहरा बघून कळत होतं, तुझा श्वास सुटला. तुझ्या छातीवरचा धोंडा तू माझ्या छातीवर आणून ठेवलास आणि दाराबाहेर गेलास. मी व्हॅन परत आणताना दोनदा रस्ता चुकले. ज्या रस्त्यावर आयुष्य गेलं त्यावर.

सह्या सगळ्यांनी तिथंच बाकांवर केल्या. लॉनीनं पहिली. गाळलेल्यांना परत घेतल्याचा हुकूम झाला, होबर्टच्या जागी माझं नाव लागलं. मीही सही केली. त्याला जे करायचं होतं तेच केलं, तुझ्यासाठी नाही.

व्हेस्टा फ्यूगेट


ट्रेस फोर्क, २ मे

क्लेटन,

हिवाळाभर तुझी पत्रं येत होती. हाताची, टाइप केलेली नाहीत. वाचली. तुझी सनद गेली ते वर्तमानपत्रातही आलं होतं. वेल्मानं कापून आणून दिलं, मला आवडेल म्हणून. आवडलं. खोटं कशाला बोलू. जेवताना पुन्हा एकदा वाचलं. नंतर ताटातलं थंड झालं ते तसंच ठेवून उठले, पण आवडलं होतं.

तू लाकडाच्या वखारीत हिशेब लिहितोस असं लिहिलंस. चांगलं आहे. तिथं चूक झाली तर फळी कमी भरते, माणूस नाही.

शेवटच्या पत्रात तू एकच विचारलं आहेस. डोंगरावरच्या आपल्या स्मशानात काकांच्या डाव्या हाताची जागा त्यांनी तुझ्यासाठी राखली होती, ती अजून तुझी आहे का?

हो, राखली होती. तू कॉलेजला गेलास त्या वर्षी होबर्ट मला वर घेऊन गेला आणि काठीनं रेघा ओढून दाखवल्या. म्हणाला, "मधे मी, उजवीकडे तू, डावीकडे पोरगा." मी म्हटलं, पोराला बायको-मुलं होतील, तो शहरात पुरला जाईल. होबर्ट म्हणाला, झोपायला शेवटी घरी येतात सगळे.

लॉनीला फेब्रुवारीत नवी फुप्फुसं बसली. कोणाची ते त्याला सांगत नाहीत. कुठल्याशा तरुण माणसाची असावीत, कारण आता हार्मोनिका थांबतच नाही, टॅम्सी वैतागली आहे. काउडिलांच्या स्मशानाची टेकडी दोन वर्षांपूर्वी खाणवाल्यांनी कापली, ती पावसात अर्धी खाली आली. त्यांचे बापजादे आता रस्त्याच्या कडेला आहेत. टॅम्सीनं मला सहज विचारलं होतं, तुमच्याकडे वर कुठे कोपरा मिळेल का?

परवा लॉनी दवाखान्याजवळच्या खोलीवरून दोन दिवस घरी आला होता, तेव्हा स्वतःच्या पायांनी डोंगर चढला. बसत बसत, पण कोणाचा हात न धरता. त्या चढावर मी त्याच्या मागे होते आणि मला धाप लागली, त्याला नाही. मी त्याला जागा दाखवली. तो खरंच गवतावर आडवा पडला, हात पोटावर ठेवून, आणि इकडे तिकडे बघून म्हणाला, "दरी छान दिसते, काकू. शेजारीही ओळखीचा आहे. पण मला घाई नाही, म्हणावं त्यांना."

मी हसले. मग त्याच्या शेजारी बसले आणि बराच वेळ उठले नाही. तो वाजवत होता.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर. ती जागा लॉनीची आहे. कोर्टात जाऊन तसा कागदही केला, जेनेलनं शिक्का मारला. तुला काकाला भेटायचं असेल तर ये, फाटकाला कडी नुसती अडकवलेली असते. गुरुवारी ये, गुरुवारी मी खाली गावात जाते, घरी नसते.

चारी कोपऱ्यांना खुंट्या ठोकल्या आहेत. लॉनी म्हणत होता मी ठोकतो. मी त्याला करू दिलं नाही. एकेक मीच ठोकली, होबर्टच्या हातोड्यानं, आणि शेवटची ठोकताना जमीन मऊ असूनही खूप जोरात ठोकली.

व्हेस्टा फ्यूगेट